कोलूवर चढलेली कार्डं

कलश बसला, आरती झाली, कापूर विझला, आणि बाळकृष्णरावांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी दोनदा टकटक केलं. या घरात त्याचा अर्थ एकच होता: माझी कार्डं द्या.

राजम ओले हात पदराला पुसत आतल्या खोलीत गेली. नवऱ्याच्या खाटेजवळच्या स्टुलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा जागच्या जागी होता. तिनं झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. तिनं खाटेखाली पाहिलं, उशीखाली पाहिलं, गादी उचलून पाहिली, आणि नवरात्राच्या पहिल्या दिवशी आवाज चढवायचा नाही हा स्वतःचाच नियम मोडून ओरडली.

"हरिप्रिया! अप्पांची कार्डं कोठं ठेवलीस गं?"

"मी कां ठेवीन, अम्मा? मी आत्तां येतेय की घरातून!" हरिप्रिया मागच्याच गल्लीत, तमिळ मुलखातल्या जुन्या मराठी राजवाड्याच्या भिंतीला लागून राहायची. या घरात काहीही हरवलं की पहिला संशय लेकीवर, हे तिला लहानपणापासून पाठ होतं.

स्वयंपाकघरातून सून बाहेर आली. विशालाक्षी परवाच नवऱ्याबरोबर चेन्नैहून आली होती. हातात सुंडलाची, प्रसादाच्या उसळीची, परात होती आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणारं हसू.

"ती पिक्चर कार्डं कां, अम्मा? सर्प्राइज! वर पाहा की!"

सगळ्यांनी वर पाहिलं. दिवाणखान्याच्या भिंतीला लावून कोलूच्या, नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, सात पायऱ्या, म्हणजे पडी, मांडल्या होत्या. त्यांवर पांढरी धोतरं अंथरलेली. सगळ्यात वर मरप्पाचीचं लाकडी जोडपं आणि कलश, खाली दशावतार, त्याखाली लग्नाची वरात, चेट्टियार वाणी आणि त्याची बायको. आणि वरून दुसऱ्या पडीवर, बाहुल्यांच्या पाठीमागे, थर्मोकोलच्या सोनेरी चौकटींत घट्ट चिकटवलेली बाळकृष्णरावांची सगळी कार्डं. कमळांचं तळं, गवताच्या गंजी, होड्या, बर्फातला रस्ता, छत्रीवाली बाई.

"थीम अहे," विशालाक्षी म्हणाली. "जगातल्या बागा. संध्याकाळी महिला मंडळाच्या बायका पाहायला येतात ना, स्पर्धेचं प्राइज आपल्यालाच. किती क्लासिक दिसतं!"

राजमच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काळा चष्मा लावून तिनं सकाळभर पूजा केली होती आणि दुसऱ्या पडीवर काय आहे ते तिला दिसलंच नव्हतं. आता ती पायरीच्या अगदी जवळ गेली, चष्मा वर करून एकेक कार्ड पाहत गेली.

"विशा," ती हळूच म्हणाली, "हे काय केलंस गं?"

मागे खुर्चीवर पुन्हा टकटक झालं.

आता यात कुणाला किती दोष द्यायचा? बाळकृष्णराव जन्मभर शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांचा एक विद्यार्थी पॅरिसला जाऊन आला तेव्हा त्यानं मास्तरांना तिथल्या म्युझियमच्या दुकानातली जाड, गुळगुळीत कार्डं आणून दिली. मोने, पिसारो, रेन्वार, देगा यांची चित्रं. मास्तर ती वर्षानुवर्षं वर्गात मुलांना दाखवत, आणि घाणेरड्या बोटांनी हात लावला म्हणून त्याच मुलांच्या बोटांवर पट्टी मारत. मग गेल्याच्या गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली.

थेरपिस्ट बाईंनी बोलण्यासाठी एक प्लास्टिकचा तक्ता दिला होता. त्यावर एक पेला, एक खाट, एक संडास, एक हसरा चेहरा, एक रडका. हवं त्यावर बोट ठेवायचं. बाळकृष्णरावांनी तो पाहिला आणि उपडा केला. पुन्हा दिला, पुन्हा उपडा. घरच्यांना वाटलं, डोकंही गेलं. पेल्याचं तोंड चुकीचं काढलंय, वरचा गोल आणि खालचा गोल जुळत नाही, आणि असल्या चित्रावर आपले मास्तर मेले तरी बोट ठेवणार नाहीत, हे राजमच्या लक्षात यायला आठवडा लागला. तिनं कपाटातून कार्डांचा डबा काढून मांडीवर ठेवला. त्यांनी गवताच्या गंजीचं कार्ड काढून तिला दिलं. तिनं भात वाढला. तिथून सुरुवात.

बर्फातला रस्ता म्हणजे पंखा बंद करा. होड्या म्हणजे पाणी. नाचणाऱ्या पोरी म्हणजे टीव्ही. छत्रीवाली बाई म्हणजे राजम. दोन वर्षांत डब्यातली जवळजवळ सगळी कार्डं बोलायला लागली होती. एका कार्डाखाली दुसरं धरलं की वाक्य व्हायचं. छत्रीवाल्या बाईखाली नाचणाऱ्या पोरी ठेवल्या की राजमनं टीव्हीपुढून उठावं, बातम्या लावायच्या आहेत.

चेन्नैच्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर बाळकृष्णराव नुसते दिसायचे आणि मागून राजम बोलायची, "अप्पा बरे अहेत म्हणतात, सांबार खारट झालं म्हणतात." मुलाला वाटायचं, आई अंदाजानं सांगते. सुनेला वाटायचं, म्हाताऱ्याला चित्रं पाहायचा छंद आहे. करायला गेली सजावट आणि सासऱ्याची जीभच काढून पडीवर ठेवली.

"काढूंद्या की मग," हरिप्रिया म्हणाली. "त्यात काय? काढाची आणि अप्पांना द्याची."

"कलश बसलाय," राजम म्हणाली.

"म्हणून?"

"म्हणून काय म्हणून? कलश बसला की पडीवरचं काही हलवाचं नाही. दसऱ्याला रात्री मरप्पाचीला निजवाचं, मग दुसऱ्या दिवशी अस्कं, एकूणएक, काढाचं. तुला माहीत नाही?"

हरिप्रियाला माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं. राजमच्या सासूच्या काळात एकदा पुढच्या दाराची किल्ली चुकून वाण्याच्या बाहुलीशेजारी राहिली होती. कलश बसल्यावर लक्षात आलं. दसऱ्यापर्यंत घरातली सगळी माणसं, पाहुणे आणि सुंडल घ्यायला आलेल्या सुवासिनीसुद्धा मागच्या दारानं, मोरीवरून ये-जा करत होत्या. किल्ली कुणी हलवली नाही. ही गोष्ट या घरात अभिमानानं सांगितली जायची, हेच मुळात अवघड होतं.

"ती किल्ली होती, अम्मा," हरिप्रिया दात आवळून म्हणाली. "हे अप्पा अहेत."

राजम वळली. ती नवऱ्यापुढे जाऊन वाकली आणि मोठ्यानं, जणू त्यांचे कानही गेले होते, म्हणाली, "कार्डं देवापुढं अहेत. दसऱ्याला देते. तोवर मी विचारते, तुम्ही मान हलवा. कळलं?"

बाळकृष्णरावांनी मान हलवली.

आणि घोटाळा नेमका तिथंच होता.

*

विशालाक्षीच्या नवऱ्यानं, प्राणेशनं, जेवताना विषय काढला. तो काढायलाच तर आला होता.

"आमच्या बिल्डिंगमधला तळमजल्याचा फ्लॅट रिकामा होतोय," तो केळीच्या पानावर डांगर पच्चडी ओढत म्हणाला. "पायऱ्या नाहीत. फिजिओथेरपिस्ट शेजारच्याच ब्लॉकमध्ये. मालकाला आज संध्याकाळी सांगाचं अहे, नाहीतर तो दुसऱ्याला देतो. अप्पा-अम्मा तिथं राहतील, आम्ही वर. एवढं सोपं अहे."

"अप्पांना विचारलंस?" हरिप्रियानं विचारलं.

"सकाळीच विचारलं. मान हलवली."

हरिप्रियानं हातातला घास पानावर ठेवला. "अण्णा, ते सगळ्यालाच मान हलवतात. झटक्यापासून तसंच अहे. डॉक्टरनं सांगितलं नाही तुला?"

"माझ्याकडं पाहून नीट हलवली."

"बरं." ती वळली. वडील खुर्चीतच बसून चमच्यानं भात खात होते. "अप्पा, परत शाळेत जाऊन आठवी ब शिकवाची कां?"

बाळकृष्णरावांनी मान हलवली.

"अप्पा, पावसात गच्चीवर झोपाचं कां?"

मान हलली.

"अप्पा, प्राणेश अण्णाला गाढवावर बसवून बस स्टँडपर्यंत न्याचं कां?"

बाळकृष्णरावांनी क्षणभर मुलाकडे पाहिलं, आणि मान हलवली. विशालाक्षीला हसू आलं. नवऱ्यानं पाहिल्यावर तिनं रसमचा भुरका मारला.

प्राणेशला राग आला. रागापेक्षाही त्याला वाईट वाटलं, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं. सकाळी त्यानं वडिलांच्या पुढ्यात बसून, त्यांचा हात हातात घेऊन विचारलं होतं, आणि त्यांनी मान हलवली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आपले वडील आपल्याशी सहमत झाले असं त्याला वाटलं होतं. ड्रॉइंगमध्ये नापास झालेला हा मास्तरांचा एकुलता मुलगा. एक मान मिळाली होती, तीही बहिणीनं गाढवावर बसवून परत घेतली.

"मग तूच सांग ना त्यांना काय पाहिजे," तो म्हणाला. "तुला अस्कंच कळतं."

"कळतं. त्यांना कोठंही जाचं नाही. हे गाव सोडलं तर ते मरतील."

"हे त्यांनी सांगितलं?"

"सांगाला कार्डं कोठं अहेत? तुझ्या बायकोनं बाग केली त्यांची!"

"मला कुणी सांगितलं होतं?" विशालाक्षी पानावरून उठलीच. "दोन वर्षांत एकानं तरी, नणंदेनं तरी फोनवर सांगितलं, की मन्नी, ती कार्डं म्हणजे भाषा अहे? मी काय ज्योतिष पाहू?"

"पाया पडते तुमच्या, जेवा आतां," राजम म्हणाली. ती अजून जेवायला बसलेलीच नव्हती. एका हातात तुपाची वाटी, दुसऱ्या हातात नवऱ्याचा घसरणारा टॉवेल. "सणाच्या दिवशी शत्रूच्या घरीसुद्धा असं बोलत नाहीत."

*

दुपारी हरिप्रियानं हुशारी केली. इंटरनेटवरून सगळी चित्रं शोधून काढली आणि स्कूटर काढून रंगीत झेरॉक्सच्या दुकानातून त्यांच्या प्रती घेऊन आली. त्याच आकाराच्या, तशाच जाड कागदावर. आपण प्रश्नच सोडवला या आनंदात तिनं तो गठ्ठा वडिलांच्या मांडीवर ठेवला.

बाळकृष्णरावांनी पहिलं कार्ड उचललं. कमळांचं तळं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मग खिडकीच्या उजेडात धरलं. पाणी जांभळं आलं होतं. त्यांनी ते उपडं केलं. दुसरं पाहिलं. गवताच्या गंजी केशरी भोपळ्यासारख्या. तेही उपडं. तिसरं तर त्यांनी पाहिलंही नाही, गठ्ठाच बाजूला सरकवला.

"अप्पा, रंग जाऊंद्या की! अर्थ तोच अहे ना!"

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की पंचेचाळिशी गाठलेली, कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवणारी हरिप्रिया झटकन आठवी ब मध्ये जाऊन बसली.

मग मोबाइलवर दाखवून पाहिलं. त्यात रंग चांगले होते. पण बोट ठेवलं की चित्र सरकायचं. होडीवर बोट ठेवावं तर होडी जायची आणि तिथं साड्यांच्या सेलची जाहिरात यायची. तीनदा साडीवर बोट पडल्यावर बाळकृष्णरावांनी डाव्या हातानं मोबाइल ढकलला आणि डोळे मिटून घेतले. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. हरिप्रियानं पाहिलं आणि ती तिथून उठून सरळ गच्चीवर गेली. तिला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता आणि धरण्यासारखा गळा सापडत नव्हता.

*

विशालाक्षीनं मात्र सगळं पाहिलं होतं, दाराआडून. माहेर पापनाशमचं, घरात सात भावंडं. न बोलता येणं म्हणजे काय ते तिला कधीच माहीत नव्हतं. तिनं खूप वेळ विचार केला, म्हणजे तिच्या मानानं खूप, आणि मग स्वयंपाकघरात आली. राजम ओट्याला टेकून उभी होती. समोर संध्याकाळच्या तांबुलांची ताटं, विडा, सुपारी, हळदीकुंकवाच्या पुड्या, ब्लाउजपीस.

"अम्मा, मी काढते कार्डं. मीच ठेवली, मीच काढते. पाप लागलं तर मला लागूंद्या."

"नोको."

"प्राइज गेलं तरी चालेल मला. खरंच. अप्पांना पाहवत नाही हो."

"प्राइजचं कोण बोलतंय?" राजम वळली. "तुला वाटतं मला पाहवतं? दिवसभरात किती वेळा ते टकटक करतात, मोजतेयस? पण माझ्या सासूबाईंनी हा कोलू माझ्या हातात दिला तेव्हा एकच सांगितलं. राजम, अस्कं चुकलं तरी चालेल, बसलेलं हलवू नोको. हे बाकी सगळं मी सोडलं, विशा. सोवळं सोडलं. चतुर्मास सोडला. ह्यांच्या आजारपणात एकादशी सोडली. एवढंच राहिलंय."

 आपल्या सासूला आपण कधी असं बोलताना ऐकलेलं नाही, हे विशालाक्षीच्या लक्षात आलं. तिनं ताटातला एक विडा उगाच सरळ केला.

"चेन्नैला यावंसं वाटतं कां तुम्हाला, अम्मा?"

"मला कोण विचारतंय?" राजम म्हणाली आणि सुंडलाला फोडणी द्यायला वळली.

*

दिवेलागणीला घर भरलं. गल्लीतल्या मराठी घरांच्या बायका आल्या, शेजारच्या तमिळ मामी आल्या, आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा शांभवीबाई दोघींना बरोबर घेऊन आल्या. कांजीवरम साड्या, मोगऱ्याचे गजरे, आणि कोलू पाहायच्या निमित्तानं घर पाहून घ्यायची नजर.

"वा! पेंटिंग्ज! काय कल्पना अहे," शांभवीबाई म्हणाल्या. "कुणाची?"

विशालाक्षी, जी दोन आठवडे या प्रश्नाचं उत्तर तयार करत होती, म्हणाली, "अप्पांची." 

बाळकृष्णराव कोपऱ्यात खुर्चीत होते. पाहुण्या येऊन विचारत होत्या, कसे अहात मास्तर, आणि ते मान हलवत होते. जेवलात? मान. ओळखलंत मला? मान. एक मामी म्हणाली, "पावम, बिचारे, कसे समाधानी दिसतात." हरिप्रियानं सुंडलाचा द्रोण त्या मामीच्या हातात जरा जोरातच ठेवला.

राजम तांबुलाचं ताट घेऊन पुढच्या ओट्यावर निघाली होती. दाराशी प्राणेश पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता.

"हो सर, नक्की. फादर-मदर दोघंही येतायत. नाही नाही, फादरची काहीच हरकत नाही. मी स्वतः विचारलं. ही इज हॅपी."

राजम तिथंच थांबली. दिवसभर तिनं सगळं ऐकून घेतलं होतं, पण हे तिला झेपलं नाही. माणसाच्या तोंडचे शब्द गेले म्हणून त्याच्या तोंडी दुसऱ्यानं आपले घालायचे? ती परत फिरली. ताट शांभवीबाईंच्या हातात दिलं, जणू त्या घरातल्याच कुणी होत्या. मग स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून आणलं आणि कोलूपुढे ठेवलं.

"अम्मा, काय करताय?" हरिप्रिया धावली. सकाळपासून काढा, काढा म्हणणारी तीच आता घाबरली. "अस्की अहेत इथं. राहूंद्या आतां. उद्या पाहू."

"सकाळी तूच म्हटलीस ना, हे अप्पा अहेत म्हणून?"

"पण डोळा! ऑपरेशन झालंय, पडाल!"

"मी धरते," विशालाक्षी म्हणाली, आणि खरंच खाली बसून तिनं दोन्ही हातांनी स्टूल धरलं. नणंद-भावजय दिवसभर एका सुरात बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत, पण हरिप्रियानं वाकून दुसरी बाजू धरली.

राजम स्टुलावर चढली.  दारातून प्राणेश आत आला, फोन कानालाच. राजमनं कलशापुढे हात जोडले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, तुझ्या वतीनं बोलाला सगळ्या गावचे पंडित अहेत. ह्यांच्याकडं एवढंच अहे. रागावाचं असेल तर माझ्यावर रागाव."

तिनं पहिली चौकट ओढली. थर्मोकोल फाटला, सोनेरी पट्टी खाली वरातीच्या घोड्यावर पडली. दुसरी ओढली. विशालाक्षीनं टेप अगदी मन लावून चिकटवली होती. दशावतारातला वामन लवंडला, तो शांभवीबाईंनी वरच्यावर झेलला. "अय्यो अय्यो," कुणीतरी म्हणत होतं. राजम थांबली नाही. शेवटचं कार्ड हातात आल्यावर ती उतरली, नवऱ्यापुढे गेली आणि सगळा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "तुमचा मुलगा तुम्हाला चेन्नैला नेतो म्हणतो. तुमची लेक नोको म्हणते. ते अस्कं जाऊंद्या. तुम्ही सांगा. कायमचं जाचं की राहाचं?"

"अम्मा, सगळ्यांच्या समोर..." प्राणेश म्हणाला.

"तू सगळ्यांच्या समोरच फोनवर सांगितलंस ना?"

बाळकृष्णरावांनी आधी कार्डांच्या पाठीवरची टेप पाहिली. एका कार्डाचा कोपरा सोलला गेला होता. त्यांनी विशालाक्षीकडे पाहिलं आणि तिनं कान पकडले. मग ते चाळायला लागले. घाई नव्हती. छत्रीवाली बाई आली तेव्हा राजम पुढे झाली, आपल्याला बोलावतील म्हणून. त्यांनी ती बाजूला ठेवली. होड्या बाजूला. बर्फ बाजूला. गठ्ठ्याच्या तळाशी देगाचं एक कार्ड होतं, जे दोन वर्षांत त्यांनी एकदाही वापरलं नव्हतं. त्याचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता, राजमलासुद्धा.

चित्रात दोन परटिणी. एक दोन्ही हातांचा जोर लावून, मान खाली घालून इस्त्री दाबते आहे. दुसरी ओट्यापाशी उभी. एक हात मानेशी, आणि तोंड एवढं मोठं वासून जांभई देते आहे की पाहणाऱ्यालाही यावी. तिच्या चेहऱ्यावर लाज नाही, दुःख नाही, नुसता थकवा.

त्यांनी ते कार्ड खुर्चीच्या हातावर ठेवलं. डावं बोट त्या जांभईवर ठेवलं. मग तेच बोट उचलून राजमकडे धरलं.

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"मी?" राजमचा चेहरा लाल झाला. "मी कशाला जांभया देऊ? चारचौघांत काहीतरी काय!"

बाळकृष्णरावांनी आणखी एक कार्ड काढलं. लोखंडी छपराचं स्टेशन, निळा धूर, समोरून येणारं इंजिन. हे हरिप्रियाला माहीत होतं. हे बाहेर जायचं कार्ड. त्यांनी ते पहिल्या कार्डाखाली ठेवलं, दोन्हींवर तळहात दाबला, आणि प्राणेशकडे पाहिलं. मान हलवली नाही. मान अगदी स्थिर होती.

"नाही, अप्पा," हरिप्रिया म्हणाली.  "तुम्हाला राहाचंय ना? इथं? मी अहे ना इथं. तुम्ही चुकीचं..."

त्यांनी पुन्हा दाखवलं. जांभई. राजम. स्टेशन. शाळेत ढ मुलाला दाखवायचे तसं, एकेक करून.

हरिप्रियाला कळलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज सकाळी कॉलेजला जाताना ती इथं थांबायची. अप्पांची चौकशी करायला, असं ती स्वतःला सांगायची. अम्मा तिला कॉफी द्यायची, डब्यात दोसे घालून द्यायची, आणि ती अप्पांशेजारी बसून कार्डं पाहायची. अप्पांना गाव सोडायला लागू नये म्हणून ती भावाशी दिवसभर भांडली होती. अप्पांना रात्री कोण उचलतं ते तिनं कधी विचारलं नव्हतं.  प्राणेश जिंकला होता, पण त्याच्या सगळ्या बोलण्यात फिजिओथेरपिस्ट होता, पायऱ्या होत्या, मालक होता. आई त्यात फक्त बरोबर येणारी होती. त्यानं फोन खिशात टाकला.

"यासाठी?" राजम नवऱ्यावर उखडली. "यासाठी मी बसलेला कोलू मोडला? मला वाटलं तुम्ही नोको म्हणाल, ह्या पोराचं तोंड बंद होईल. आणि तुम्ही माझंच नाव पुढं करताय? कोण म्हटलं मी दमले? मी कधी म्हटलं? कुणाजवळ म्हटलं?"

 विशालाक्षी फाटलेला थर्मोकोल हातात धरून उभी होती. शांभवीबाईंच्या एका हातात वामन होता, दुसऱ्या हातात तांबुलाचं ताट.

बाळकृष्णरावांनी डावा हात पुढे केला, राजमचं मनगट धरलं आणि तिला शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे ओढलं. जोर फारसा नव्हता. ती सहज सोडवून घेऊ शकली असती. ती म्हणाली, "अहो, सोडा, बायका थांबल्यात, तांबूल द्याचंय." तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं, कोलूकडे पाहिलं, आणि मग तिचं तोंड आपोआप उघडलं. मोठी, लांब, आवाज करणारी जांभई आली. ती तिला आवरता आली नाही.

ती खुर्चीत बसली.

"हरिप्रिया," ती डोळे मिटून म्हणाली, "तांबूल तू दे. विशा, आरतीचं तू पाहा. प्राणेशा, अप्पांच्या मागं उशी लाव. जाण्याचं दसऱ्यानंतर बोलू. मी आतां उठणार नाही."

आणि ती खरंच उठली नाही.